पाच नंबरची शेवरोलेट

२ फेब्रुवारी १९९६, शुक्रवार

पेपरात नोटीस आली आहे. माधवनगरच्या बंद गिरणीची मालमत्ता कोर्टाच्या हुकमाने विकणार. यंत्रे, भंगार, कपाटे आणि सर्वांत शेवटी ‘जुन्या मोटारगाड्या, नग सहा’. लिलाव २६ तारखेला सकाळी अकरा वाजता गिरणीच्या आवारात. गाड्या १७ तारखेला पाहता येतील. नोटीस कापून या वहीत चिकटवली.

सैन्यात अठ्ठावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या. ट्रक, जीप, क्रेन, एकदा ब्रिगेडियरसाहेबांच्या मेमसाहेबांची हेराल्ड मोटार. सुभेदार होऊन निवृत्त झालो तरी स्वतःची गाडी कधी झाली नाही. आता घ्यावी असे ठरवले आहे. उद्देश व्यवसाय. लग्नाच्या वरातीला जुनी मोठी गाडी भाड्याने द्यायची. आमच्या भागात घोडा आहे, बँड दोन आहेत, अशी गाडी नाही.

याच गिरणीत माझा थोरला भाऊ हरिबा बत्तीस वर्षे शेटच्या काळ्या शेवरोलेटवर ड्रायव्हर होता. नोंद असावी म्हणून लिहिले. गाडी घेण्याशी त्याचा संबंध नाही.

दादा शेजारच्याच घरात राहतो. मधे कमरेइतकी भिंत आहे. अकरा वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही. कारण विहिरीवरची मोटर.

५ फेब्रुवारी, सोमवार

बायकोला, म्हणजे रंगूबाईला, योजना सांगितली. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

“वरातीला?” ती म्हणाली.

“वरातीला. सीझनला वीस लग्नं धरली तरी—”

“आवं, त्यापरीस भावजींच्या दारात जाऊन बसा की. पैसं लागायचं न्हाईत.”

मी सांगितले की दादाचा विषय वेगळा आहे. मोटर जळाली तेव्हा निम्मा खर्च मी वेळेवर दिला नाही, हे मला मान्य आहे.

“मोटर कवा जळाली?”

“शहाऐंशी.”

“आन आत्याबाई कवा गेल्या?”

आई पंच्याऐंशीत गेली. रंगूबाईने भाकरी तव्यावर टाकली. तारखा एकदा तपासून पाहायला हव्यात.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा रानात गेल्यावर भिंतीवरून बनुवहिनींना विचारले, शेटची गाडी नेमकी कोणती होती.

“काळी हुती,” वहिनी म्हणाल्या.

“नंबर?”

“नंबर कशाला बघाय जातोय भावजी? घरी यायची तवा हॉर्न वाजायचा. आमी चा ठेवायचो.”

माहिती अपुरी, पण सध्या एवढीच उपलब्ध आहे. मी सुट्टीवर येत असे तेव्हा गाडी दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा लांबून. काळी होती हे बरोबर.

१७ फेब्रुवारी, शनिवार

माधवनगरला जाऊन गाड्या पाहिल्या. अडचण अशी की काळ्या शेवरोलेट दोन आहेत. दोन्ही अठ्ठेचाळीस सालच्या. एका आईची लेकरे. लिलावात एकीला नंबर तीन, दुसरीला नंबर पाच.

वॉचमन कोंडीबा किल्ल्या घेऊन उभा होता. त्याला विचारले, शेट कोणत्या गाडीत बसायचे?

“मला तीनच वर्सं झाली, सायेब. मी शेट बगितला न्हाई. उंदरं बगितली.”

मग मी पद्धतशीर तपासणी केली. प्लग काढून भोकावर अंगठा धरला आणि कोंडीबाला हँडल फिरवायला लावले.

नंबर तीन. बॉडी उत्तम. पत्र्यात तोंड दिसते, कोणीतरी वर्षानुवर्षे रोज घासलेली. पण इंजिन थकलेले. अंगठ्यावर दाब जवळजवळ नाही. ड्रायव्हरची सीट एका बाजूला खचली आहे. क्लचच्या पेडलचे रबर झिजून आतले लोखंड दिसते. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही.

नंबर पाच. खालचा पत्रा गंजलेला, पायाखालून जमीन दिसते. पण इंजिन! अंगठा उडाला. पेडल जसेच्या तसे. मीटरवर एकवीस हजार मैल. एवढ्या जुन्या गाडीला हे फार कमी आहे, म्हणजे काटा एकदा पूर्ण फिरून आला असणार.

निष्कर्ष काढायला वेळ लागला नाही. दादा गाडी कशी सांभाळत असेल हे मला माहीत आहे. लहानपणी आमच्याकडे एकच सायकल होती. तिची चेन तो दर रविवारी रॉकेलने धूत असे आणि मला हात लावू देत नसे. असा माणूस इंजिन मरू देणार नाही. पेडलचे रबर तर मुळीच झिजू देणार नाही.

दादाची गाडी नंबर पाच.

१९ फेब्रुवारी, सोमवार

पेन्शन विकून आलेल्या पैशांतले जे बँकेत उरले आहेत त्यातून पन्नास हजारांपर्यंत जायचे ठरवले. त्यापुढे एक रुपया नाही. हा निर्णय मी सकाळी घेतला, दुपारी मागे घेतला आणि संध्याकाळी पुन्हा घेतला.

शंका अशी की, गाडी आणली आणि दादाने वळूनही पाहिले नाही तर? मग ती वरातीला वापरायची. तशीही ती वरातीसाठीच आहे. मग ही शंका का आली ते समजत नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

लिलाव झाला.

सहाची एसटी पकडून पावणेआठला पोचलो. फाटक दहाला उघडले. अनामत भरून बिल्ला घेतला, क्रमांक १४. आवारात कापड झाकून गाड्या ओळीने लावल्या होत्या. मुंबई-पुण्याची शौकीन मंडळी आली होती. टोप्या, गॉगल. ते गाडीला हात न लावता वाकून पाहत आणि इंग्रजीत हळू बोलत. मिरजेचे दोन भंगारवाले मात्र हात लावून, ठोकून पाहत होते. आमच्या बाजूचे लालासाहेबही आले होते. त्यांचा ऊस दोन कारखान्यांना जातो. पांढरे कपडे, मागे चार माणसे.

“सुभेदार, तुमी हितं?” त्यांनी विचारले.

“व्यवसायासाठी,” मी सांगितले.

“मला पोराच्या, राजवर्धनच्या लग्नात पायजे. जीपमधनं नवरदेव उतरला का दूध घालाय आल्यागत दिसतंय.”

कोर्टाचे साहेब टेबलावर बसले. त्यांच्या शेजारी पुकारणारा उभा राहिला. बारीक माणूस, आवाज मोठा.

पहिल्या दोन गाड्या भंगारवाल्यांनी घेतल्या. मग नंबर तीन. कापड काढल्यावर टोपीवाले पुढे सरकले. वीस हजारांपासून बोली सुरू झाली आणि पाहता पाहता साठला गेली. मुंबईच्या एका गृहस्थाने बोट न उचलता, नुसती मान हलवून ती सहासष्ट हजारांना घेतली. मला त्याची कीव आली. आत इंजिन नाही हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शौकीन माणूस चकाकी बघतो, मिस्त्री कॉम्प्रेशन बघतो, असे मी मनात म्हणालो. हे वाक्य मला आवडले म्हणून इथे लिहिले.

नंबर चार एक फियाट. मग पाच.

कापड काढले तसे टोपीवाले खाली वाकले, गंज पाहिला आणि चहाला गेले. उरलो मी, लालासाहेब आणि एक भंगारवाला.

“पंचवीस!” पुकारणारा म्हणाला.

भंगारवाला सव्वीस. मी सत्तावीस. माझा हात वर गेला हे मला माझ्या आवाजावरून कळले. परेडवर दिल्यासारखा आवाज निघाला. दोन माणसे वळून पाहू लागली.

बत्तीसला भंगारवाल्याने हात झटकले. लालासाहेब पस्तीस. मी छत्तीस. ते सदतीस म्हणून माझ्याकडे पाहून हसले. मी हसलो नाही. लिलावात हसू नये असे मी ठरवून गेलो होतो. मी अडतीस. ते एकदम चाळीस.

लालासाहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडले आणि खालचा पत्रा पाहिला.

“सुभेदार, हिच्यातनं नवरदेव खाली पडंल की वो.”

“एक्केचाळीस,” मी म्हणालो.

“घ्या. तुमालाच लखलाभ.”

एकवार, दोनवार, तीनवार. टेबलावर लाकडी ठोकळा आपटला. त्या आवाजाने मला आत कुठेतरी फार बरे वाटले. साहेबांनी नाव विचारले तेव्हा मी सेवाक्रमांकासह सांगितले. त्यांनी नुसते नाव लिहून घेतले.

जाताना लालासाहेब म्हणाले, “नीट करून घेतली तर मे महिन्यात भाड्यानं द्या.” म्हणजे व्यवसाय सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

२ मार्च, शनिवार

ट्रॅक्टरला बांधून गाडी आणली. माधवनगर ते गाव पाच तास. स्टीअरिंगवर मी. ब्रेक नाहीत, म्हणून उतारावर ट्रॅक्टरवाल्याला ओरडून पळायला सांगावे लागे.

सारे गाव गोळा झाले. दादा रानातून आला, भिंतीपाशी थांबला, गाडीकडे पाहिले. मी गाडीच्या बाजूला सावधानमध्ये उभा होतो. तसे उभे राहण्याचे काही कारण नव्हते. दादा आत गेला आणि दार लावून घेतले.

रंगूबाईने गाडीला हळदकुंकू लावले. मी जेवलो नाही.

३ मार्च, रविवार

सकाळी सात वाजता दादा भिंत ओलांडून आला. दारातून न येता भिंतच ओलांडली. वय चौसष्ट. गाडीपाशी गेला. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले आणि लावले. एकदाच. पुन्हा उघडले, पुन्हा लावले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला,

“ही न्हवं.”

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द.

“काय न्हवं?”

“माजी गाडी. ही बाईसाहेबांची. झाकून ठेवल्याली असायची. दसऱ्याला भाईर काढायची, नारळ फोडायचा, परत आत. माज्या गाडीचं दार दोनदा आपटाय लागायचं.”

मी सांगितले की इंजिनाची अवस्था पाहून, सर्व बाबींचा विचार करून—

“न वापरल्यालं इंजान चांगलंच असतंय की, गाढवा! माजी बत्तीस वर्सं पळली. मुंबई, बेळगाव, महाबळेश्वर. सारं इंजान झिजलं तिचं. तू लष्करात काय रं, बुटाला पॉलिश करत हुतास? पेडल न्हाई बगितलं? शीट न्हाई बगितली? माजं ढुंगण बसून बसून खड्डा पडला हुता तिथं, त्यो बी दिसला न्हाई तुला?”

खड्डा दिसला होता, असे मी सांगितले. त्याने त्याचा राग वाढला.

बनुवहिनी आणि रंगूबाई दोघी बाहेर आल्या. दादा बोलतच होता. लिलावात कसे बघायचे असते, माणूस विचारायचा असतो, विचारायला जीभ दिली आहे देवाने. मी मान्य केले. शेवटी तो थांबला आणि हळू आवाजात विचारले,

“ती कुठं गेली?”

“मुंबईला. सहासष्ट हजार.”

“गेली व्हय.” तो गाडीच्या पायरीवर बसला. “आई तिच्यात गेली.”

मला समजले नाही. आई मिरजेच्या दवाखान्यात गेली असे मला कळवले होते.

“दवाखान्यात कशाची. शेटनी गाडी दिली, म्हनलं घिऊन जा आईला. मागं हिच्या मांडीवर डोकं हुतं. अंकलीच्या पुलावर हिनं हाक मारली, आवं, थांबा. मी थांबलो न्हाई. थांबलो आसतो तर वळून बघाय लागलं आसतं. तसाच मिरजेपातुर नेली.”

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. दादाही उठला आणि गेला, या वेळी दारातून.

संभाषण अंदाजे वीस मिनिटे. बहुतांश शिव्या. चुकीची गाडी आणली गेली असल्यामुळे मोहीम अयशस्वी झाली आहे.

४ मार्च, सोमवार

एक गोष्ट या वहीत लिहून टाकतो.

पंच्याऐंशीत मी सिकंदराबादला बढतीच्या कोर्सवर होतो. आईची तार तिसऱ्या दिवशी मिळाली. कोर्सचे अकरा दिवस उरले होते. सोडला असता तर पुन्हा नंबर लागायला दीड वर्ष. मी हिशेब केला की गाडीने पोचेपर्यंत सहावा दिवस उजाडेल, सगळे उरकलेले असेल, आता जाऊन उपयोग काय. तार ट्रंकेत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सचा पेपर दिला. पास झालो.

घरी लिहिले की रजा नामंजूर झाली. रजा मी मागितलीच नव्हती. आमच्या कर्नलसाहेबांवर मी अकरा वर्षे खोटा आळ ठेवला आहे. ते फार सज्जन होते. त्यांनी नक्की दिली असती.

१० मार्च, रविवार

दादा रोज सकाळी येतो. म्हणतो, आलाच आहे बोजा तर निदान वरातीत पेटू नये. खालचा पत्रा कापून नवा बसवला. मी वेल्डिंग करत असताना तो शेजारी बसून मी चुकतो आहे असे सांगतो. तीन वेळा त्याचे बरोबर होते.

कार्बोरेटर त्याने स्वतः उघडला. मला हात लावू दिला नाही.

२४ मार्च, रविवार

सहा व्होल्टची बॅटरी कोल्हापुरात तिसऱ्या दुकानात मिळाली. दुकानदाराने विचारले, कशाला? म्हटले, शेवरोलेट. तो म्हणाला, थट्टा करताय व्हय पावणं.

दुपारी चार वाजता इंजिन सुरू झाले. दादाने पायाने स्टार्टर दाबला, दोन वेळा खोकली, मग लागली. सहाही सिलिंडर. शिलाईचे मशीन चालावे तसा आवाज. दादा बराच वेळ नुसता ऐकत बसला.

“हिचा आवाज चांगला हाय,” तो म्हणाला. मग लगेच, “तिच्यापरीस पातळ हाय, पर चांगला हाय.”

१४ एप्रिल, रविवार

लालासाहेबांचा माणूस आला. लग्न बारा मेला. गाडी ठरली. ड्रायव्हर कोण विचारले. मी दादाकडे पाहिले. दादा म्हणाला, “ह्यो चालवणार असंल तर नवरदेवाला आदी विमा उतरवाय सांगा.” म्हणजे दादा.

कर्नलसाहेबांची गोष्ट सांगायला दोनदा तोंड उघडले. एकदा पान्ह्याचा नंबर विचारला, एकदा पाऊस कधी पडेल ते.

२८ एप्रिल, रविवार

चाचणी म्हणून औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो. कुळाची देवी. दादा स्टीअरिंगवर, मी शेजारी, मागे दोघी जावा. वहिनी गाडीत बसायला तयार नव्हत्या. दाराशी उभ्या राहिल्या. दादा म्हणाला, “ही ती न्हाई. बस.” मग बसल्या.

पुसेसावळीच्या पुढे चढाला पाणी उकळले. बॉनेटमधून वाफ. गाडी लिंबाच्या सावलीला घेतली. दोघी शेंगा फोडत बांधावर बसल्या. आम्ही दोघे गाडीपाशी, पाणी गार होण्याची वाट पाहत. उन्हाची वेळ, रस्त्यावर कोणी नाही.

मी म्हणालो, “दादा, आई गेली तवा मी रजा मागितलीच न्हाई.”

तो रेडिएटरकडे पाहत होता.

“कोर्स हुता. बढतीचा. नामंजूर झाली म्हनून खोटं लिवलं.”

“मला ठावं हाय,” दादा म्हणाला.

मी विचारले, कसे?

“तुजं पत्र आल्यावर मी शेटकडनं तुज्या सायबाला इंग्रजीत लिवलं. म्हनलं, बाराव्याला तरी सोडा पोराला. सायबाचं उत्तर आलं. मागं बसून शेटनी वाचून दाखवलं. मी गाडी चालवत हुतो. रजेचा अर्ज आल्याला न्हाई, आला तर त्याच दिवशी सोडतो, आईचं वाईट वाटलं. लय चांगलं लिवलं हुतं.”

“मग मला बोलला का न्हाईस?”

“मी कशाला बोलू? चूक तुजी. म्हनलं, येईल आन सांगंल. रिटायर हून आलास. म्हनलं, आता सांगंल. चार वर्सं भिंतीपल्याड नुसता खोकत बसलास. मला वाटलं, मरतोय आता ह्यो बी न सांगता.”

मोटरीचे काय, मी विचारले.

“कसली मोटर?”

डोळ्यांत वाफ गेली होती. मी फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला गेलो. दादाने माझे मनगट धरले.

“थांब. भाजून घेशील. अजून गरम हाय.”

मनगट त्याने बराच वेळ सोडले नाही. कदाचित विसरला असेल. मग वहिनींनी शेंगा आणून दिल्या.

यमाईचे दर्शन झाले. नारळ दादाने फोडला, आईचे नाव त्याने घेतले, मग मला म्हणाला, तू बी घे. मी घेतले.

परतताना त्याने किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाला, डोळे दुखतात. पहिले दोन मैल त्याने सूचना दिल्या. गिअर दाबून टाक. बैलगाडी दिसली का आदीच पाय घे. रणगाडा न्हाई ह्यो. मग सूचना कमी झाल्या. पुसेसावळीच्या बाजारात हॉर्न द्यावा की नाही म्हणून मी विचारले तर उत्तर आले नाही. वळून पाहिले, तर दादा मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून झोपला होता.

मागून वहिनी हळूच म्हणाल्या, “आक्रीतच! दुसऱ्याच्या हातात गाडी आसली का डोळं मिटायचं न्हाईत. एसटीत सुदिक जागं बसत्यात.”

उन्हाचा थकवा असेल. मी हॉर्न न देता बाजारातून गाडी हळू काढली.